विचारा की! : राजाचा दौरा, तोफांची सलामी अन् साधेपणाचं गणित

मागच्या अंकात राजघराण्यांच्या परदेश दौऱ्यांवर चार ओळींचा तुकडा छापला होता, त्यात एवढंच म्हटलं होतं की आजकालचे राजे-राण्या बाहेरदेशी गेले की साधं राहायला बघतात. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर अन् पोस्टानं इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. ज्यांचा प्रश्न आला नाही त्यांनी राग धरू नका, बरेच प्रश्न एकमेकांसारखेच होते.

प्रश्न : सर, मोबाइलवर राजा चार्ल्सच्या दौऱ्यांचे व्हिडिओ बघतो. तोफा, बँड, लाल गालिचा, सगळा थाट, अन् दुसऱ्या मिनिटाला राजा पोरासोरांत मिसळून हसायला लागतो. मला तर वाटतं यातलं एक काहीतरी नाटक आहे. दोन्ही एकदम खरं कसं असंल? (एक शिक्षक, सेलू)

गुरुजी, दोन्ही खरं असू शकतं, फक्त थाट कुणाचा ते आधी वेगळं काढा. तुम्ही ज्या तोफा अन् गालिचा बघायलात ते पाहुणा पेटीत घालून आणत नाही, यजमान देश मांडतो. दिल्लीत दुसऱ्या देशाचा प्रमुख आला की राष्ट्रपती भवनाच्या अंगणात 21 तोफा, तिन्ही दलांची मानवंदना, मंग राजघाटावर पुष्पचक्र, हे ठरलेलं आहे, मग तो वंशानं आलेला राजा असो की मतपेटीतनं आलेला अध्यक्ष. फ्रान्सवाल्यांनी आपल्या राजाचं मुंडकं उडवून दोनशे वर्षं उलटली, तरी त्यांच्या अध्यक्षाला आपण एक तोफ कमी देत नाही. सलामी त्या माणसाला नसतेच, त्याच्या देशाला असते, अन् खरं सांगायचं तर निम्मी स्वतःलाच असते, बघा आम्ही किती व्यवस्थित करतो म्हणून. लग्नात नवरदेवाला घोड्यावर बसवायचा मान समोरचे देतात, तो त्यानं नाकारला तर उलट अपमान होतो, पण पंगतीत बसून भाजी खारट झाली म्हणायचं की नाही हे मात्र त्याच्याच हातात असतं ना, तसंच हे.

म्हणजे थाट यजमानाचा अन् नम्रता पाहुण्याची, असं माझं मत आहे. पाहुण्याची परीक्षा गालिच्यावर होत नाही, गालिचा संपल्यावर होते.

हे बघायला एकाच बाईचे दोन दौरे घ्या. 1961 ला राणी एलिझाबेथ प्रजासत्ताक दिनाची पाहुणी म्हणून आली, जयपूरच्या महाराजांनी तिला सजवलेल्या हत्तीवर बसवलं, ते ठीक, त्यांची हौस. पण त्याच मुक्कामात रणथंबोरकडच्या जंगलात तिचा नवरा प्रिन्स फिलिप वाघाच्या शिकारीला गेला अन् वाघ मारला, आणि त्याच वर्षी त्यानं वन्यजीव वाचवणाऱ्या संस्थेचं ब्रिटनमधलं अध्यक्षपदही घेतलं, त्यावर तेव्हाच लई बोंब झाली होती. आता 1997 बघा, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तीच राणी परत आली. दिल्लीच्या मेजवानीत तिनं आपल्या इतिहासात अवघड प्रसंग घडलेत, जालियनवाला बाग त्यातलाच एक, असं कबूल केलं, दुसऱ्या दिवशी अमृतसरला जाऊन बूट काढले, पुष्पचक्र ठेवलं, मान झुकवली. माफी मागितली नाही, म्हणून बऱ्याच लोकांचं समाधान झालं नाही अन् ते चूक होतं असं मला वाटत नाही. पण निदान वागण्यात अदब होती, ती पण प्रिन्स फिलिपनं तिथल्या फलकावरचा मृतांचा आकडा फुगवलेला आहे असं बोलून निम्मी घालवली. एवढी मोठी तयारी, महिनोन्महिने बैठका, अन् एका वाक्यात पाणी.

तिचाच 2011 चा आयर्लंड दौरा मला यातला सगळ्यात चांगला वाटतो. त्याआधी ब्रिटिश राजा डब्लिनला गेला होता तो 1911 ला, तेव्हा आयर्लंड त्यांच्याच राज्यात होतं, म्हणजे शंभर वर्षं कुणी पाऊल टाकलं नव्हतं. ब्रिटिशांशी लढून मेलेल्यांच्या स्मारकाच्या बागेत ती गेली अन् मान खाली घालून उभी राहिली, अन् दुसऱ्या दिवशी रात्रीच्या भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली. मुकुट होता, दागिने होते, मेजवानी होती, थाटात काहीच कमी नव्हतं, तरी लोकांना ते रुचलं.

अन् बिघडतं कसं ते बघायचं तर 2022 चा मार्च. राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली म्हणून तिचा नातू विल्यम अन् त्याची बायको केट बेलीझ, जमैका, बहामाजला गेले, तिथंही तेव्हा तीच राणी होती. बेलीझमध्ये गावकऱ्यांच्या विरोधामुळं एका गावची भेट रद्द करावी लागली. जमैकात जाळीच्या कुंपणातनं पोरांचे हात हातात घेतानाचा फोटो जगभर फिरला, मंग लष्करी संचलनात पांढऱ्या गणवेशात, उघड्या लँड रोव्हरमध्ये उभं राहून दोघांची फेरी. आता कुंपणाचं म्हणाल तर त्याच ठिकाणी फुटबॉलवाला रहीम स्टर्लिंगही होता अन् त्यानंही तसेच हात मिळवले, कुणी काही बोललं नाही. पण तो त्यांचा माणूस होता, जमैकात जन्मलेला. राजघराण्यातल्या माणसानं तेच केलं की गुलामगिरीचा सगळा इतिहास त्या फोटोत येऊन बसतो. जमैकाचे पंतप्रधान होलनेस यांनी तर पाहुण्यांना शेजारी उभं करून सांगितलं की आमचा देश आता पुढं चाललाय, म्हणजे तुमच्या राजमुकुटाशिवाय. विल्यमनं मेजवानीत गुलामगिरीबद्दल खोल दुःख व्यक्त केलं अन् दौरा संपताना भविष्य काय ते तिथल्या लोकांनीच ठरवायचं असं निवेदन काढलं. हे शब्द बरोबर होते, पण दोन्हीच्या मधेच ती गाडीतली फेरी होऊन गेली, फोटो शब्दांच्या पुढं पळतो.

खर्चाचं पण तुम्ही खाली दोन ओळीत विचारलंय. ब्रिटनच्या राजघराण्याचे अधिकृत दौरे त्यांच्या सरकारच्या सांगण्यावरनं होतात, फिरायला म्हणून नाही, अन् ठरावीक रकमेच्या वरचा प्रवास खर्चासकट दरवर्षीच्या हिशोबात छापतात. स्वागताचा अन् बंदोबस्ताचा बराचसा बोजा मात्र यजमान देशावर येतो. आपल्याकडं असे आकडे लोकांसमोर आले तर किती बरं होईल, असो.

प्रश्न : 2016 च्या उन्हाळ्यात मी शाळेत होते, आमच्या गल्लीत घागरीची रांग अन् टीव्हीवर विल्यम-केटच्या मुंबईतल्या पार्टीची बातमी. आईनं रागानं टीव्ही बंद केला होता. आता मोठी झाले तर वाटतं, तो राग बरोबर होता का? (कॉलेजची विद्यार्थिनी, लातूर)

ताई, तुझ्या पत्रामुळं मी तारखा काढून बघितल्या अन् स्वतःच गप्प झालो. 10 एप्रिल 2016 ला ते दोघं मुंबईत उतरले, ताज हॉटेलात 26/11 च्या मृतांना फुलं वाहिली, ओव्हल मैदानावर सचिनसोबत क्रिकेट खेळले, रात्री त्याच ताजमध्ये सिनेमावाल्यांच्या हजेरीत मोठी मेजवानी झाली. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे 12 एप्रिलला पहाटे तुमच्या लातूरला पोचली, दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्याच 12 तारखेला दिल्लीत पंतप्रधानांनी या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं, ते कुठं तर हैदराबाद हाऊसमध्ये, जो वाडा निजाम उस्मान अली खानानं ल्युटेन्स नावाच्या इंग्रज वास्तुकाराकडनं बांधून घेतला होता अन् ज्याच्या राज्यात तेव्हा तुमचं लातूर, माझं परभणी सगळंच होतं. ज्या मुलखाच्या महसुलावर तो वाडा उभा राहिला त्या मुलखात त्या दिवशी पाणी रेल्वेनं यायलं होतं.

आता राग. मुंबईतली ती मेजवानी धर्मादाय संस्थांसाठी पैसे उभे करायला होती, म्हणून तिच्यावर सगळं फोडणं मला पटत नाही, अन् लातूरचं पाणी काही विल्यमनं अडवलं नव्हतं. पण टीव्हीवाल्यांनी दिवसभर केटचा ड्रेसच दाखवावा याचा राग यायलाच पाहिजे होता. अन् त्याहून जास्त राग मला दुसऱ्या गोष्टीचा आहे. त्याच दिवसांत तुमच्याच जिल्ह्यात एका मंत्र्याचं हेलिकॉप्टर दुष्काळ बघायला उतरणार म्हणून हेलिपॅडची धूळ बसवायला हजारो लिटर पाणी मारलं होतं, पेपरात आलं होतं. राजघराण्याच्या माणसानं हे केलं असतं तर जगानं तोंडात शेण घातलं असतं, आपल्याकडं चार दिवस चर्चा झाली अन् विसरलं. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग, टीव्ही बंद केला ते चांगलंच केलं.

प्रश्न : स्वीडनचा राजा दिल्ली विमानतळावर स्वतःची बॅग स्वतः उचलून चालला होता तो फोटो खरा का? का फोटोपुरतं? (रिक्षाचालक, बीड)

फोटो खरा आहे दादा, डिसेंबर 2019 चा. राजा कार्ल गुस्ताफ अन् राणी सिल्विया एअर इंडियाच्या विमानानं स्टॉकहोमहून आले अन् सामान हातात घेऊनच बाहेर पडले. मंग राष्ट्रपती भवनात सगळी मानवंदना घेतली, तिथं नको म्हणाले नाहीत. मला आवडलं ते पुढचं, मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलण्याच्या कामाला भेट दिली अन् हरिद्वारला सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पाच्या उद्घाटनाला गेले. राजाला ताजमहाल दाखवायचा सोडून गटाराचं पाणी दाखवावं, अन् त्यानं ते मन लावून बघावं. फोटोपुरतं असंल तर असू दे की, असल्या फोटोपुरतं आपल्या लोकांनी पण करावं.

याच्या बरोबर उलट टोकाला सौदीचे राजे सलमान. 2017 ला इंडोनेशियाला गेले तेव्हा बरोबर हजाराच्या वर माणसं होती, सामान टनांत मोजावं लागलं, मोटारी घरनं आणल्या होत्या. त्याच वर्षी मॉस्कोला विमानातनं उतरताना त्यांचा सोनेरी सरकता जिना अर्ध्यातच बंद पडला अन् राजेसाहेब उरलेल्या पायऱ्या पायानं उतरले. तो व्हिडिओ मी किती वेळा बघितला ते सांगत नाही.

प्रश्न : माझं शिवणकामाचं दुकान आहे. या राण्या-राजकन्यांचे कपडे दौऱ्यावर कसे ठरवतात? अंगभर पण पाहिजे, त्या देशाचा मान पण राहिला पाहिजे, अन् फॅशन पण. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

ताई, हा प्रश्न लई जणांनी विचारला पण तुमच्याइतका नेमका कुणी विचारला नाही. पहिली गोष्ट म्हणजे वारा. राणी एलिझाबेथच्या कपड्यांच्या घेराला आतनं छोटी वजनं शिवलेली असायची, झुळूक आली तरी घेर जागेवर. 11 एप्रिल 2016 ला केट इंडिया गेटला अमर जवान ज्योतीवर फुलं वाहायला गेली तेव्हा तिचा ड्रेस वाऱ्यानं उडाला अन् शहिदांना वाहिलेल्या फुलांपेक्षा त्याच फोटोची चर्चा झाली. कॅमेरेवाल्यांचा दोष आहेच, पण शिवणाऱ्यानं पण विचार करायला पाहिजे होता. तुम्ही असता तर अस्तराला दोन वजनं टाकली असती का नाही?

दुसरं म्हणजे स्थानिक कारागीर. मुंबईत केटनं डिझायनर अनिता डोंगरे यांचा छापील ड्रेस घातला अन् त्यांची वेबसाइट गर्दीनं बंद पडली. 2019 ला पाकिस्तानात तिनं तिथल्या डिझायनरांचे सलवार-कमीज घातले अन् लाहोरच्या बादशाही मशिदीत डोकं झाकून, पायताण काढून गेली. हे जमलं कारण तिनं सगळाच दौरा तिथल्या कपड्यांत काढला नाही, कधी तिथले कधी आपले. अति केलं की काय होतं ते 2018 ला कॅनडाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी दाखवलं, ते काही राजे नाहीत, पण घरच्यांसकट रोज शेरवान्या अन् भरजरी कपडे, इथले लोक साध्या शर्टात अन् पाहुणेच वऱ्हाडी वाटायले होते. अजून एक सांगतात ते म्हणजे राजघराण्यातली माणसं दौऱ्यावर काळ्या कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवतात. 1952 ला एलिझाबेथ केनियात असताना वडील वारल्याची बातमी आली अन् परत आल्यावर सुतकाचे कपडे येईपर्यंत विमानातच थांबावं लागलं, तेव्हापासनं.

हिमरूची शाल परदेशी पाहुण्यांना द्यावी का असं पण विचारलंय. द्या की, पण खरी हातमागाची द्या, अन् विणणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या.

प्रश्न : आमच्या निजामाचा हार इंग्लंडच्या राणीकडं गेला म्हणतात. तो परत मागायला नको का? (निवृत्त कर्मचारी, नांदेड)

काका, तो लुटलेला नाही, आहेरात गेलाय. नोव्हेंबर 1947 ला एलिझाबेथचं लग्न होतं, निजामानं लंडनच्या कार्तिए या दागिन्यांच्या दुकानाला निरोप दिला की राजकन्येला जे आवडंल ते तिला निवडू द्या, अन् तिनं हिऱ्यांचा हार अन् शिरपेच निवडला. शिरपेच पुढं मोडून त्याचे हिरे दुसऱ्यात घातले, हार मात्र राहिला, 2014 ला केटनं पण घातला होता.

त्या लग्नाची तारीख 20 नोव्हेंबर. त्याच महिन्याच्या 29 तारखेला निजामानं दिल्लीशी जैसे थे करार केला, म्हणजे भारतात यायचं टाळलं, अन् पुढचे महिने रझाकारांनी इकडं काय केलं ते तुमच्या घरात पण कुणी ना कुणी भोगलं असंलच. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे हैदराबाद भारतात येईपर्यंत. म्हणून तो हार चोरीचा नसला तरी मला त्याच्याकडं बघवत नाही, हे माझं वैयक्तिक. अन् गंमत म्हणजे हा निजाम स्वतः मळकी टोपी, जुनी शेरवानी असा राहायचा, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस म्हणून 1937 ला टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला. साधे कपडे घातले की माणूस साधा झाला, असं मराठवाड्यातल्या माणसाला तरी कुणी सांगू नये.

कोहिनूरचं म्हणाल तर तो वेगळा विषय. 2023 च्या राज्याभिषेकाला राणी कॅमिलानं कोहिनूर असलेला मुकुट घातलाच नाही, दुसरा वापरला. परत दिला नाही पण मिरवला पण नाही.

प्रश्न : राजासमोर वाकावं लागतं का? (उदगीर)

नाही. ब्रिटनच्या राजघराण्याच्या स्वतःच्याच सूचनेत लिहिलंय की भेटताना वागायचा कुठलाही सक्तीचा नियम नाही, वाटलं तर वाका. आपला नमस्कार भरपूर झाला. 1911 च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव एकदाच झुकून पाठ फिरवून गेले तर केवढा गदारोळ झाला होता, तो काळ गेला. 2024 ला तर ऑस्ट्रेलियाच्या संसदेत खासदार लिडिया थॉर्प यांनी राजा चार्ल्सच्या तोंडावर तुम्ही आमचे राजे नाहीत म्हणून ओरडून सांगितलं. राजा शांत बसून होता.

प्रश्न : आमच्या गावातली पाणलोटाची कामं बघायला एका देशाचे वकिलातीतले साहेब येणार आहेत. पोरं म्हणायलेत लेझीम, ढोल, कमान, वीस हार, फेटे. पाणी कमी, पैसा कमी. किती करावं? (सरपंच, अंबाजोगाई तालुका)

सरपंच, लेझीम ठेवा, पोरांच्या अंगात उत्साह आहे तो मारू नका. हार वीस कशाला, एक फेटा अन् एक नारळ बास, अन् फेटा सगळ्यांना बांधू नका नाहीतर अर्धा तास त्यातच जातो. कमान नको. भाषणं दोनच, तुमचं अन् त्यांचं, तालुक्याचे पुढारी येतील त्यांना खुर्ची द्या, माइक देऊ नका, शिव्या खाव्या लागल्या तर माझं नाव सांगा. गाव बांधावर दाखवा, स्टेजवर नाही.

2003 ला राजपुत्र चार्ल्स मुंबईच्या डबेवाल्यांना भेटायला चर्चगेटला आले होते, तेव्हा डब्यांना उशीर चालणार नाही, साहेबांनी आमच्या वेळेत यावं, असं डबेवाल्यांनी कळवलं होतं म्हणतात, अन् ते आले पण. पुढं 2005 ला स्वतःच्या लग्नाला त्यांनी डबेवाल्यांना लंडनला बोलावलं. तुम्ही पण साहेबांना वेळ कळवताना बायका शेतातनं परत यायच्या आधीची देऊ नका, कारण बांधबंदिस्तीचं निम्मं काम त्यांनीच केलं असंल अन् साहेब आले तेव्हा त्या रानात, असं व्हायला नको. चहा कपात द्या, बाटलीबंद पाण्याचे बॉक्स मागवू नका, तुमच्याच विहिरीचं पाणी उकळून गाळून तांब्यात ठेवा. त्यांनी विचारलं तर सांगा कुठल्या विहिरीचं आहे. अन् धूळ उडाली तर उडू द्या, पाणी मारू नका.